अक्काला सांगितलेला पगार

जामखेड, मंगळवार, १४ मार्च १९७२

आज मिरजगावहून अक्का आली होती. माझ्या सॅनिटरी इन्स्पेक्टरच्या कोर्सची फी भरायला माझ्या या बहिणीने पाटल्या मोडल्या होत्या. तिचे मोकळे हात बघवत नाहीत.

"पगार किती रं तुला?"

मी दुप्पट सांगितला. का? त्या मोकळ्या हातांपुढे खरा आकडा तोंडातून निघेना, म्हणून?

अक्का हरखली. "मग थोरल्यालाबी ह्येच शिकिवते. म्हैस इकू."

तेव्हा तरी बोलायचं! मी चहा टाकायला उठलो.

शेवटी संध्याकाळी एसटीच्या खिडकीशी खरं सांगून टाकलं. वाटलं, आता शिव्या देईल.

"मग तुझं भागतं का रं?" म्हणाली, आणि कनवटीची गाठ सोडू लागली.