कौलांखालचा काळा चुरा

आटगाव, मे महिना, रविवार संध्याकाळ

दुपारी कौलं चाळायला वर चढलो. एकही फुटलेलं नाही. मग ओटीवर रोज सकाळी काळा चुरा कुठून पडतो? एक कौल उचलून खालच्या डांबरी कागदाला हात लावला, तर पापडासारखा मोडला. उन्हानं पार भाजून निघालाय. कौलांतून आत येणारी झड अडवायची ती या कागदानं, आणि मी दरवर्षी कौलंच बघत बसलो!

आमचं ठीक आहे, उद्या काढीन. पण त्याच रोलातला कागद मुरबाडला धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या घरावर मीच घातलाय. "वीस वर्षं वर बघायला नको," असं तिच्या नवऱ्याला छातीठोक सांगितलं होतं. महिन्यापूर्वी सुमन म्हणाली, बाळाच्या पाळण्यात काळं काहीतरी पडतं. मी न बघताच सांगून मोकळा झालो, उंदराच्या लेंड्या असतील, पिंजरा लाव.

लेंड्या कसल्या? तोच चुरा. पाळण्यात.

आत्ता तिचा फोन आला. "दादा, पिंजऱ्यात एक पण उंदीर नाय आला रे."

खरं काय ते तोंडाशी आलं होतं.

मी म्हणालो, "सुकट लावून बघ."