पौर्णिमाचे दोन दात

शांती नगर, मीरा रोड
९ डिसेंबर

ती. उदयदादांना,
धाकट्या सुगंधाचा सविनय जय भीम.

तब्येत कशी आहे? गुडघ्यांना तेल लावता की बाटली नुसती उशाशी ठेवता? वहिनींचा खोकला एव्हाना गेला असेल. मागच्या पत्रात मी तुमचं वजन विचारलं होतं, तेव्हा तुम्ही उत्तरादाखल जिंतूरच्या हवेची माहिती दिलीत, हे माझ्या लक्षात आहे. आम्ही ठीक. पत्र एवढ्यासाठी की फोनवर घोडीचं नाव काढलं की तुम्ही हसत सुटता. पत्र वाचून हसलात तरी मला ऐकू येणार नाही.

तर पौर्णिमा. निवृत्त झाल्यावर मी काय करावं याविषयी मला पुष्कळ सल्ले मिळाले (योगासनं, सहली, सोसायटीची कमिटी), आणि मी इथून जवळच्या डोंगरी गावात जाऊन तीन वर्षांची तांबडी घोडी घेतली. ती शिवाच्या तबेल्यात असते. शिवा वरातींना घोडे देतो, डोंगरीचाच आहे, आणि बायकांना घोड्यातलं काही कळत नाही असं त्याचं दीड महिन्यापूर्वीपर्यंत मत होतं. अठरा जानेवारीला लेकीच्या, आपल्या संघप्रियाच्या लग्नात पौर्णिमानं इथल्या हाटकेशच्या हॉलपर्यंत वरातीत चालायचं, असं मी ठरवलं. मी ठरवलं की काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. पौर्णिमाला माहीत नव्हतं. लगामाची लोखंडी कडी तोंडात गेली की ती मान अशी झटकायची की एकदा शिवाची टोपी शेजारच्या वाडीत जाऊन पडली. बँड वाजत असताना असं जनावर माणसांत नेता येत नाही. शिवानं मला सांगून टाकलं, महिनाभरात सुधारली नाही तर लग्न विसरा आणि हिला विकून टाका.

त्याच्या मते कारण उघड होतं. "बाय, नजर लागलीय हिला, दुसरं काय न्हाय." मी म्हटलं, नजर लागली तर सगळ्या घोडीला लागेल, फक्त लगाम घातल्यावरच कशी लागते? (औरंगाबादला बी.ए.ला मी तर्कशास्त्र घेतलं होतं. तेव्हा तात्या म्हणाले होते की पुढे याचा उपयोग काय. झाला.) तरी त्यानं लिंबू-मिरची बांधली, आणि ती पौर्णिमानं खाल्ली. आमच्या यांनी गूळ भरवून तिचं मन वळवायचं ठरवलं. त्यामुळे यांना पाहिलं की ती खिंकाळायला लागली, पण लगामाबद्दलचं तिचं मत होतं तेच राहिलं. शेवटी मी इंटरनेटवर वाचून चौदा पानं छापून आणली, चष्मा लावला आणि तिच्या तोंडात बोट घातलं. दाढांच्या अलीकडे, कडी बसते तिथंच, वरच्या हिरडीला दोन्ही बाजूंना एकेक टेंगूळ लागलं. शिवाला म्हटलं, ही तुझी नजर.

जनावरांच्या डॉक्टर क्षितिजा स्कूटरवरून आल्या. वय तीस, उंची माझ्या खांद्याएवढी. शिवानं त्यांच्या मागे, मोठे डॉक्टर येतायत का, म्हणून पाहिलं. त्यांनी तपासून सांगितलं की मावशींचं बरोबर आहे (हे वाक्य मी त्यांना शिवासाठी पुन्हा म्हणायला लावलं), आणि या बारक्या, निरुपयोगी दाताला इंग्रजीत लांडग्याचा दात म्हणतात. हे ऐकून आमचे हे पाण्याच्या पिंपामागे गेले, ते काम संपेपर्यंत तिथंच होते. गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर पौर्णिमाचा ओठ लोंबायला लागला, मान खाली आली आणि सगळं डोकं माझ्या खांद्यावर. दादा, घोड्याचं डोकं किती जड असतं याची तुम्हाला कल्पना नाही. डॉक्टर म्हणाल्या, हलू नका आणि बोलू नका. मी वीस मिनिटं दोन्ही केलं नाही. यांच्या म्हणण्याप्रमाणे लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडलं.

हिरडी बधिर करून डॉक्टरांनी पहिला दात सैल केला आणि मुळासकट काढला. चिंचोक्याएवढा! दुसराही सुटला, पण चिमट्यातून उडाला आणि दिसेना. मूळ आत राहिलं नाही ना, हे दात पाहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून डॉक्टर जागच्या हलेनात. शिवा, डॉक्टर आणि पिंपामागून आलेले हे, तिघंही गुडघ्यांवर बसून मोबाइलच्या उजेडात गवताची काडी न् काडी उलटत होते. मी उभी, खांद्यावर घोडी, पदरावर लाळ. अर्ध्या तासानं ती शुद्धीवर आली, मी निऱ्या झटकल्या आणि दात टपकन पायाशी पडला. अख्खा, मुळासकट. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, मला कुणी विचारलंत का?

बारा दिवस लगाम बंद, तोंड मिठाच्या पाण्यानं धुवायचं. तेराव्या दिवशी शिवानं डोळे मिटून कडी पुढे केली आणि पौर्णिमानं ती बिस्किटासारखी तोंडात घेतली. काल मोठ्यानं बँड लावून तिला रस्त्यानं फिरवली. मान इकडची तिकडे नाही. शिवानं लोकांना सांगितलं की ही आमच्या बायची घोडी. मी बसमध्ये शांती नगरपर्यंत एकटीच हसत होते.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
सुगंधा

ता. क. अभिनव, म्हणजे होणारे जावई, घोड्यावर बसणार नाहीत. त्यांना भीती वाटते. हे त्यांनी जूनमध्येच सांगितलं होतं, आणि घोडी मी जुलैत घेतली.

आणखी एक. तुमच्या लग्नात तात्यांनी आणलेलं घोडं गावानं वेशीवरूनच परत फिरवलं. आपल्या वस्तीतला नवरदेव घोड्यावरून गावात येणार नाही म्हणाले. तुम्ही नव्या बुटांत चालत आलात, त्यानंतर चाळीस वर्षं त्यावर एक शब्द बोलला नाहीत. मी एकोणीस वर्षांची होते आणि तुमच्या मागूनच चालत होते. म्हणून घोडी भाड्यानं घेतली नाही. भाड्याचं जनावर कुणीही परत पाठवू शकतं.

नवरीचा मामा वरातीत पुढे असावा अशी माझी इच्छा आहे. चढायला स्टूल केलंय, शिवा लगाम धरेल. मात्र घोडी लहान आहे, सत्तर किलोच्या वर नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. तेव्हा उलट टपाली एकच ओळ लिहा. हवापाणी नको. फक्त आकडा, आणि तोही खरा.