कोर्टाच्या पायऱ्यांवर घ्यायचं नाव

मी, कीझाया प्रुइट, कै. सायलस प्रुइट यांची विधवा, राहणार हिकरी क्रीक, केंटकी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. छातीने दगा दिला असला तरी डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी भांडून पाहावं.

१. गाय थोरल्या ॲन्सेलला. खेचर धाकट्या हार्लनला. दोघांचा स्वभाव एकच आहे.

२. डेमोक्रॅटांसाठी मतं गोळा करणाऱ्या डॅबनी रस्क याला माझा पत्र्याचा पेला. गव्हर्नरच्या मागच्या निवडणुकीत याने कोर्टासमोर व्हिस्कीचं पिंप फोडलं आणि याच पेल्याने हार्लनला पाजली. आमच्याकडे मत चारचौघांत मोठ्याने सांगायचं असतं. हार्लनने डेमोक्रॅट उमेदवाराचं नाव घेतलं. डेमोक्रॅट म्हणजे आमच्याकडे दक्षिणेवाल्यांचा पक्ष, आणि सायलस यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतून दक्षिणेशी लढताना गेले होते. ॲन्सेल पायऱ्यांवरच कडाडला, "ज्यांनी बापाला मारलं, त्यांचा माणूस? आजपासून माझं नाव तुझ्या तोंडी नको!"

"नाही घेणार, जा! मेलास तरी नाही घेणार!"

मी गाडीत बसून ऐकलं. बायकांना मत नाही, कान आहेत. तो उमेदवार गव्हर्नर झाला. आमचा ओढा कुठे वाहतो हे त्याला ठाऊकही नसेल. डॅबनी, पेल्याबरोबर माझा तळतळाटही घे.

३. राहतं घर. दोघे एकाच टेबलावर जेवतात आणि माझ्यामार्फत बोलतात. "आई, त्याला सांग, मक्याची भाकरी सरकव." भाकरी दोघांच्या मधोमध असते. काल हार्लन म्हणाला, "आई, त्याला विचार, तुझी कबर कुठे खणायची?"

मी विचारलं.

"त्याला सांग, बाबांच्या शेजारी."

मी सांगितलं. मग चुलीकडे तोंड करून रडले.

यापुढे निरोप न्यायला मी नसेन. म्हणून अट घालते: येत्या ऑगस्टात गव्हर्नरची निवडणूक आहे. त्या दिवशी त्याच पायऱ्यांवर, कुणालाही मत देण्याआधी, दोघांनी एकमेकांचं नाव मोठ्याने घ्यावं. घेतलं तर घर दोघांचं. नाही तर घर पाडून लाकडं चर्चच्या शेगडीला द्यावीत. मला आशा फार नाही.

मुलांना साक्षीला बोलावलं नाही. एका खोलीत उभे राहिले नसते. खालच्या साक्षीदारांनी त्या दिवशी पायऱ्यांजवळ थांबावं, आणि जे ऐकू येईल ते माझ्या कबरीवर येऊन सांगावं. काहीच ऐकू आलं नाही, तर येऊ नये.

साक्षीदार: लेम्युएल स्टॅग, ओबडाया क्रूम
सही: कीझाया प्रुइट
हिकरी क्रीक, १२ जुलै १८८३