चार महिन्यांची विद्यार्थिनी

प्रिय जोनाफे,

त्या शनिवारी सकाळी मी नारळाच्या कोवळ्या पानांची नळकांडी वळत बसले होते. अंगण झाडून झालं होतं, कोंबड्यांना कोंडा टाकला होता, तांदूळ भरलेली पहिली चाळीस इबोस चुलीवर रटरटत होती आणि दुसऱ्या घाण्याचे तांदूळ नारळाच्या दुधात मुरत होते. माझ्या नवऱ्याचा, सेनोनचा, निळा सदरा धुऊन दोरीवर टाकला होता. त्याला जाऊन पाच महिने झाले होते, पण शनिवार आला की तो सदरा धुवायचा ही हाताची सवय गेली नव्हती. तेवढ्यात कॉलेजच्या मागच्या फाटकातून तुम्ही तिघं माझ्या टपरीकडे येताना दिसलात. तू पुढे, हातात कागद अडकवलेली पाटी, आणि चेहरा असा की जणू घरातलं कुणी हरवलंय.

तुझं पत्र परवा मिळालं, इंदाय, माझ्या पोरी. आंतिकेच्या डोंगरातून ते इथं यायला नऊ दिवस लागले. मी ते तीनदा वाचलं. तू लिहितेस की मार्चला शाळा संपली की नोकरी सोडणार, मावसबहिणीबरोबर हाँगकाँगला घरकामाला जाणार. आणि जिला तू थोरल्या बहिणीसारखं मानांग म्हणतेस त्या माझं नाव तू त्याचं कारण म्हणून लिहिलंस. तुझ्या शाळेतल्या मुलांच्या आयांच्या वर्गातली ती मेर्सिंग आठ महिने झाले तरी स्वतःचं नाव लिहू शकत नाही. मानांग पान्यांग चार महिन्यांत अख्खं वाक्य लिहायला लागली, मग ही का नाही, म्हणजे मीच शिकवायला नालायक, असं तू लिहिलंस. रागाच्या भरात हेच मेर्सिंगलाही ऐकवलंस आणि तेव्हापासून ती वर्गाला आलेली नाही, हेही लिहिलंस. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सहा वर्षं राहिली आहे.

पण आधी तो शनिवार पुरा करू दे. तुला आठवत असेल, टपरीवर तेव्हा तिबो बसला होता, आपल्या तीनचाकीत पाय पसरून. समाजसेवेच्या विषयात पास झाल्याशिवाय पदवी मिळत नाही आणि तुमच्या गटाच्या वाट्याला मोठ्या माणसांना अक्षरओळख करून देणं आलेलं. दहा जण हवे होते. सगळं कॉलेज पालथं घालून तुम्हाला नऊ मिळाले होते. तो उंच रेनांते कपाळाला हात लावून म्हणाला, "या गावात ज्याला त्याला वाचता येतं! पहारेकऱ्याच्या म्हातारीलासुद्धा विचारलं, तर तिनं आम्हाला पेपर वाचून दाखवला." तिबो म्हणाला, "मला येतं वाचता, पण दुपारचं जेवण देणार असाल तर आजपासून येत नाही." तू त्याच्याकडे असं पाहिलंस की त्यानं पाय आत घेतले. मग तू माझ्यापाशी उकिडवी बसलीस आणि हळूच विचारलंस, "मानांग, तुम्ही कधी शाळेत गेलात?"

मी म्हटलं, "नाही गेले."

ते खरंच होतं. पण पुढचं बोलायला तू मला वेळच दिला नाहीस. ताडकन उठून ओरडलीस, "मिळाली! दहावी मिळाली!" रेनांतेनं एक इबोस उचललं आणि पैसे द्यायलाही विसरला. तुम्ही पोरं इतकी खुश झालात की मला वाटलं, राहू दे आज, पुढच्या शनिवारी सांगू.

आता सांगते. मला वाचता येत होतं, जोनाफे. सेनोन तुमच्या ग्रंथालयात झाडलोट करायचा हे तुला ठाऊक आहे. रद्दीत जाणारी फाटकी पुस्तकं तो पिशवीतून घरी आणायचा. मी ती वाचून काढली होती. कादंबऱ्या, खलाशांच्या आठवणी, एक शेवट नसलेलं पुस्तक, गाईगुरांच्या रोगांवरचं सुद्धा. शाळा पाहिली नव्हती, पण चर्चमधल्या प्रार्थना पाठ होत्या. प्रार्थनेची पुस्तिका समोर धरायची, तोंडानं म्हणायचं आणि कागदावर बोट सरकवत जायचं, की हा आवाज म्हणजे ही खूण. असं शिकले मी. बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. टपरीवालीला वाचता येतं की नाही हे विचारायला कोण येतंय?

दुसऱ्या शनिवारी सांगायचं म्हणूनच आले होते. व्यायामशाळेमागच्या त्या मोठ्या झाडाखाली तुम्ही बाकं मांडली होती, फळा झाडाला टेकवला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझ्याजवळ बसलीस, पेन्सिल माझ्या बोटांत दिलीस, आणि माझा हात तुझ्या हातात घेऊन पहिलं अक्षर गिरवलंस. तुझ्या हाताला खडूचा आणि भाजलेल्या मक्याचा वास होता. सेनोनला पुरलं त्या दिवशी बायकांनी माझे हात धरले होते. त्यानंतर पाच महिन्यांत माझ्या हाताला कुणी हात लावला नव्हता. पैसे देताना गिऱ्हाइकाची बोटं लागतात, तेवढंच. ते अक्षर मी वाकडं काढलं. तू हसून म्हणालीस, "हरकत नाही मानांग, पुन्हा." आणि पुन्हा हात धरलास.

मग मी तेच करत राहिले. तुला सांगते, चुकायला शिकणं फार अवघड असतं. किती चुकायचं, केव्हा सुधारायचं, सगळं घरून ठरवून यायचे. धोबीण लुसिंग माझ्या शेजारी बसायची. तिला खरंच येत नव्हतं, बिचारी घामाघूम व्हायची. मला म्हणायची, "पान्यांग, तू तर माझ्याहून ढ आहेस, बरं वाटतं तुझ्याशेजारी." तू एकदा गोष्टीचा कागद आणला होतास, कासव आणि माकडाचा. तू वरची ओळ वाचत होतीस आणि मी खालची वाचून फिसकन हसले. मला वाटलं, आता संपलं. पण तू म्हणालीस, "आज मानांग खुशीत दिसतायत," आणि मला दुसरा कागद दिलास. त्या रात्री मी देवाची माफी मागितली आणि पुढच्या शनिवारची वाटही पाहिली.

सप्टेंबरात तू हात धरणं सोडलंस. म्हणालीस, आता तुमचं तुम्ही. तुझं बरोबरच होतं. ऑक्टोबरात तुमची तपासणी आली आणि समाजसेवेच्या कचेरीतल्या मॅडम फळ्यासमोर उभ्या राहिल्या. गटातल्या एकानं तरी पूर्ण वाक्य लिहून दाखवायला हवं होतं. लुसिंगला नावाच्या पुढे जाता येईना, रेनांतेचा चेहरा पांढरा पडला आणि तू ओठ चावत खाली पाहत होतीस. मी उठले आणि लिहिलं, "माझ्या नवऱ्याचं नाव सेनोन होतं, तो पुस्तकं पुसायचा." तू सगळ्यांसमोर रडलीस. पुढच्या महिन्यात हिशेबाचं शिक्षण सोडून शिक्षिका व्हायचं ठरवलंस, वडिलांशी भांडलीस, दोन वर्षं जास्त काढलीस. हे सगळं माझ्या त्या एका वाक्यावर उभं आहे, हे मला कळत होतं. तरी मी गप्प राहिले. तू दर नाताळाला पत्र पाठवायचीस आणि पत्राच्या शेवटी लिहायचीस, माझ्या पहिल्या विद्यार्थिनीला. ते शब्द माझ्या हातून जातील, अशी भीती वाटायची.

मेर्सिंगमध्ये काही खोट नाही, आणि तुझ्यातही नाही. तुझ्यापाशी जो माप घ्यायचा दोर आहे, तो मी खोटा दिला. मला वाचायला चार महिने लागले नव्हते. तीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी तर माझं नाव लिहायला घेतलं की मी रडून कागद फाडायचे, आणि सेनोन ते तुकडे गोळा करून चुलीत टाकायचा. मेर्सिंगला आठच महिने झालेत. तिच्या घरी जा, तिला हे सांग. माझ्यावर राग धर, मला पत्र लिहू नकोस, चालेल. पण ज्या बाईपाशी तू खरंच पोचू शकतेस, तिला माझ्यासाठी सोडू नकोस.

काल रात्री इथवर लिहून दिवा मालवला. हे फक्त तुला कळवून भागणार नाही, असं पहाटे वाटलं. तुमच्या समाजसेवेच्या कचेरीत दरवर्षी नव्या मुलांना एक छापील कागद वाचून दाखवतात, त्यात चार महिन्यांत वाक्य लिहिणारी बाई म्हणून मी आहे. दर जूनला मुलं तो ऐकतात आणि झाडाखाली बसलेल्या माणसांना त्या मापानं मोजतात. आज सकाळी मी टपरी उघडलीच नाही. कचेरीत गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पान्यांग, अहो पण शंभर प्रती छापून ठेवल्यात." मी म्हटलं, द्या इकडे. खुर्ची ओढून बसले, त्यांचं पेन घेतलं, आणि दुपारपर्यंत शंभरही कागदांवरचे चार महिने खोडून तिथे तीन वर्षं असं लिहिलं.

तुझीच,
पान्यांग