‘न्हाय’ गळालेलं गाणं

तीर्थस्वरूप शिवलिंगप्पा मामांना गौरीशंकरचा शरणु शरणार्थ. गुडघा कसा आहे? हलगी शेकायला चुलीपुढं बसता येतं का? तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून जीपवाल्याच्या हाती पत्र देतोय. इकडं माकणीत सगळं ठीक आहे, आणि कालपासून तर फारच ठीक आहे. राग बाजूला ठेवून शेवटपर्यंत वाचा.

तुम्हाला न विचारता मी सोलापूरला जाऊन आपलं गाणं रेकॉर्ड केलं, हे खरं. स्टुडिओवाला रुद्रेश म्हणाला, आता गाणं गुळगुळीत पाहिजे. त्यानं हलगी काढली, तुमची झील काढली, मागं मशीनमधून बायकांचं ‘ऊऽऽ’ भरलं आणि माझ्या आवाजाला अशी इस्त्री मारली, की हा कोण सभ्य माणूस गातोय असं मलाच वाटलं. (खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.) त्या नादात एक गोष्ट ध्यानात आली नाही. मी म्हणतो ‘राणी, तुला न्यायला येणार’, आणि मागून तुम्ही झील देता ‘न्हाय जी न्हाय’. झील गेली, तिच्यासंगं ‘न्हाय’ही गेलं. आता घरोघरच्या मोबाईलवर मी नुसता येणार, येणार म्हणतोय.

हेच गाणं ‘न्हाय’सकट यात्रेत सासरच्या मंडळींपुढं गायलो, म्हणून महादेवी रुसून लोहाऱ्याला माहेरी जाऊन बसली होती. लोहारा काही लांब नाही, पण माझा पाय उचलत नव्हता. (तिच्या भावाचा चेहरा तुम्ही पाहिलाय.) संसार मोडला असंच धरून चाललो होतो. काल दुपारी दारात जीप थांबली. महादेवी उतरली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “गाण्यात नुसतं येणार, येणार. वाट बघून मीच आले.” मामा, त्या मशीनला मी मनातल्या मनात हात जोडले. रात्री पोटभर जेवलो.

तुमचा भाचा,
गौरीशंकर

ता. क. लोहाऱ्यात कार्यक्रम ठरलाय. इस्त्रीचा आवाज स्टेजवर माझ्या गळ्यातून निघत नाही, तेव्हा हलगी घेऊन याच. फक्त झील देताना ‘जी जी’ एवढंच म्हणा, बाकीचा शब्द गिळा.

आणखी ता. क. मामा, पत्र जीपवाल्याला द्यायला माझ्याकडं दिलं, म्हणून लिहिते. तुमची झील नव्हती, तरी मला ‘न्हाय’ ऐकू आलं. पर मागं तुम्ही नसलात की हे लई एकटे पडतात, तेबी ऐकू आलं. म्हणून आले. तुम्ही या, अन् ‘न्हाय’ मोठ्यानं म्हणा. पुढच्या रांगेतनं ‘व्हय’ म्हणायला मी हाय. – महादेवी