घाट माझा, उतार बबनचा

पौड, ता. ५ जाने. १९६२
तालीम मंडळानं सायकलची शर्यत जाहीर केली. पौड ते भूगाव. पयला येईल त्यो पुण्याच्या शर्यतीला, तालुक्याच्या नावानं. बबन पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, तुमी आपल्या दुधाच्या किटल्या वाहा. शर्यत गाढवाचं काम न्हाई." सगळे फिदीफिदी. बायकोचा, हौसाचा भाऊ म्हणून गप बसलो, न्हाई तर तितंच... जाऊ दे. पुण्याला मी जाणार म्हंजे जाणार.

ता. ९
रोजच्यासारखा दूध घेऊन पुण्याला. दोन्ही बाजूंना भरल्या किटल्या, तरी पिरंगुटचा घाट पाय न टेकता चढलो. बबन सराव करत होता. मोकळी सायकल, तरी निम्म्या घाटात ढकलत चाललेला. लई बरं वाटलं. मांड्यांत दम लागतो लेका, नुसता भांग पाडून भागत न्हाई.

ता. १४, संक्रांत
हरलो. घाटमाथ्यावर मी एकटाच, मागं चिटपाखरू न्हाई. भुकूमच्या उतारावर वळण आलं, रोजच्या सवयीनं मागचा ब्रेक करकचून दाबला. चाक सरकलं, मी रस्त्याकडंच्या चारीत. गुडघा फुटला. बबन शेजारनं गेला. बघितलं, थांबला न्हाई. संध्याकाळी तोच दारात, "तिळगूळ घ्या, गोड बोला." हात झटकला त्याचा. हौसा रडली. रडू दे.

ता. १७
गुडघा सुजलाय. हौसा हळद लावतीया, बोलत न्हाई. पडलो कशानं, ते आज कळलं. इतकी वर्षं भरल्या किटल्यांनीच मागचं चाक दाबून धरलेलं, अन् परतीला सायकल एसटीच्या टपावर. मोकळी सायकल मला उतरवताच येत न्हाई! ताकद बैलाची, अक्कल बी बैलाचीच.

ता. २१
मंडळात भांडण. लोक माझ्या बाजूनं म्हणाले, माथ्यावर धोंडिबाच पुढं होता. अध्यक्षांनी निकाल फिरवला. येत्या रविवारी दोघांचीच परत. बबन अंगावर आला, "तुमी पडला ती बी माझी चूक व्हय?" खरं तर न्हाई. पण त्याला कोण सांगतंय.

ता. २७
उद्या शर्यत. दोन्ही वेळचं दूध, मोकळ्या सायकलीवर उतार करून बघायला सवडच न्हाई मिळाली. हौसा आज माहेरी जाऊन आली. भाकरी थापता थापता म्हणाली, "दादानं निरोप दिलाय. वळणाच्या आधीच वेग कमी करा. वळणात ब्रेक सोडून द्या, अंग झुकवा."
म्हटलं, "त्याला मला दरीत घालायचंय."
भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली. "माझ्या कुकवावर उठंल व्हय त्यो?"
चारीत पडलो तवाची त्याची नजर मी बघितलीया, तिनं न्हाई. अन् उतारावर त्याच्यासारखा हात तालुक्यात दुसऱ्या कुणाचा न्हाई, हे बी खरंच.
सायकल पुसून ठेवली. ब्रेक दाबून बघितला, सोडून बघितला. वळणावर बोटं काय करतील, माझं मला ठाऊक न्हाई.