अंजूचा दिवस

११ नोव्हेंबर, मंगळवार
अंजू आजही दारातच घुटमळली. बोटांवर बोंडांचे ओरखडे. कापसाची वेचणी टाकून बंजाऱ्यांच्या तांड्यावरून सायकलने माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. एएनएमचा नर्सिंग कोर्स झालाय, आणि हैदराबादच्या एका दवाखान्याने मुलाखत ठेवलीय — फोनवर, इंग्रजीत, वीस तारखेला. साधा वर्तमानकाळ वहीत बरोबर लिहिते. तोंडातून निघत नाही.

१३ नोव्हेंबर
आज कळलं, एवढी घाई का. तिच्या वडिलांनी, धावजींनी, तांड्याच्या नायकासमोर, म्हणजे प्रमुखासमोर, सोयऱ्यांना शब्द दिलाय — नोकरी लागली तर लग्न वर्षभर पुढे, नाहीतर माघात.
"नायकासमोरचा शब्द फिरत नाही, बाई."
मुलगा पसंत नाही का, विचारलं.
"त्याले कुठं पाह्यलं मी? मले आधी वार्ड पाहाचा हाय."
हसली. मला हसू आलं नाही.

१५ नोव्हेंबर
सिस्टर आग्नेस शिकवायच्या तसंच शिकवतेय. आपला रोजचा दिवस सांगायचा. आय गेट अप ॲट सिक्स. आय से माय प्रेयर्स. आय ड्रिंक माय मिल्क. यवतमाळच्या कॉन्व्हेंटच्या व्हरांड्यात आम्ही चाळीस जणी एका सुरात म्हणायचो. पायाखाली गार फरशी, सिस्टरांच्या कमरेच्या चाव्यांचा आवाज... अंजूला तीच वाक्यं दिली. दोन दिवसांत पाठ होतील.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
धावजी आले. फाटकाबाहेरूनच बोलले. "बाई, कापूस झाडावर लोंबून राह्यला अन् पोरगी घरी इंग्रजीत दूध पिऊन राह्यली. काहून हसं करता आमचं? आमचं दूध डेअरीत जाते."
गेले.
खरंच आहे. मी तिला माझाच दिवस शिकवला. एकोणीसशे बहात्तरचा!

१९ नोव्हेंबर
सगळं खोडलं. "तुझा दिवस सांग." चारला उठते. पाणी, भाकरी. याडीला — आईला ती याडी म्हणते — इन्सुलिन टोचते. मग शेत. एकेक वाक्य बसवलं. पण जीभ पुन्हा अडखळायला लागली. पाठ होतं तेही मोडलं मी. उद्या अकराला फोन.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आमच्या गच्चीवर रेंज बरी, म्हणून इथेच. फोन स्पीकरवर. मी जिन्यात, ती दिसेल अशी बसून राहिले. नाव, शिक्षण नीट सांगितलं. मग तिकडच्या मॅडमनी रोजचा दिवस विचारला.
"आय गेट अप ॲट सिक्स."
मी उठून उभी राहिले. फोन कटला की काय?
"सॉरी मॅडम. आय गेट अप ॲट फोर."
पुढे पाणी, भाकरी, याडीचं इंजेक्शन. कुठे देतेस, आधी काय तपासतेस, मॅडम विचारत गेल्या. ही सांगत गेली — अर्धं इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी, फोनवर न दिसणाऱ्या! दोनदा चुकली, दोनदा परत सुरू केलं. "कळवू" म्हणाल्या.
खाली आली तेव्हा ओढणी घामाने भिजलेली. "सहा कशाले निघालं तोंडातून, बाई?"
मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

२२ नोव्हेंबर
काही नाही.

२४ नोव्हेंबर
काही नाही. अंजूही आली नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी धावजी. एकटेच. या वेळी फाटकाच्या आत आले, पण बसले नाहीत. म्हणाले, "नायकाले सांगून आलो, लग्न वर्षभर पुढं."
"बाई, माही पोरगी हैदराबादले काम करते, हे इंग्रजीत कसं म्हणतेत? जरा हळू सांगा."